न दिसणाऱ्या लहरींचं माप

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



माझा आवाज या घडीला तुमच्या घरात येतो आहे तो रेडिओच्या लहरींवर बसून. या लहरी भिंतीला अडत नाहीत आणि आत येण्यासाठी दाराची कडीही वाजवत नाहीत. माझ्या लहानपणी आमच्या घरात मर्फीचा रेडिओ होता. अब्बा त्याला कान लावून बातम्या ऐकत. त्या लहरींमुळं कुणाला काही होईल, असं आमच्याकडं कुणाच्या स्वप्नातही आलं नाही. पुढं त्याच जातीच्या लहरी खिशातल्या फोनमधून येऊ लागल्या आणि माणसं घाबरली. ही भीती कुठून आली, तिच्यात तथ्य किती, आणि फोनबरोबरच्या कागदावर सुरक्षिततेचा जो आकडा छापलेला असतो तो कुणी ठरवला, हा इतिहास मला आज सांगायचा आहे. मी विज्ञानाचा माणूस नाही, बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस आहे. तरीही या वाटेला का गेलो, ते आधी सांगतो.

२०१२ सालची गोष्ट. सोलापुरातली आमची इमारत चार मजल्यांची. गच्चीवर मोबाइलचा टॉवर होता. त्याच्या भाड्यातून जिन्यातले दिवे आणि पाण्याचा पंप यांचा खर्च निघायचा. तिसऱ्या मजल्यावर एक आपा राहायच्या. त्यांच्या गालाच्या आत जखम झाली, ती काही भरेना. तपासणीत कॅन्सर निघाला. त्या वर्षी वर्तमानपत्रांत टॉवरच्या बातम्या सतत येत होत्या. इमारतीत बैठक भरली. अर्ज लिहायचं काम माझ्याकडं आलं, कारण माझं मराठी चांगलं, असा सगळ्यांचा समज. मी अर्ज लिहिला. त्यात ‘जीवघेणा किरणोत्सर्ग’ असे शब्द घातले आणि ते वाचून दाखवताना मला थोडा अभिमानही वाटला. काही महिन्यांत टॉवर गेला.

आपांना भेटायला गेलो तेव्हा त्या पडूनच होत्या. उशाशी पाण्याचा तांब्या, औषधांची पिशवी आणि मिश्रीची छोटी डबी. त्यांनी विचारलं, “सच्ची बोलो भाईजान, ये टावर के मारे हुआ क्या मेरेकू?”

मी “शायद” म्हणालो आणि चहाचा कप उचलला. पुढच्या उन्हाळ्यात आपा गेल्या. तो ‘शायद’ माझ्या मानेवर बसून राहिला. तो उतरवावा म्हणून मी वाचत गेलो.

या इतिहासाची सुरुवात आपल्या देशात १८९५ साली होते. हाइनरिश हर्ट्झ यांनी जर्मनीत रेडिओलहरी प्रयोगानं सिद्ध करून सात-आठ वर्षं झाली होती. कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातले प्राध्यापक जगदीशचंद्र बोस फार आखूड लहरींवर काम करत होते. काही तर केवळ पाच मिलिमीटर लांबीच्या. त्यांनी कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये लोकांसमोर प्रयोग केला. एका ठिकाणाहून लहरी सोडल्या आणि मध्ये भिंती असताना दूरच्या खोलीतली घंटा वाजवली, दारूगोळ्याची चिमूटही उडवून दाखवली. बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर त्या लहरींच्या वाटेत होते आणि लहरी त्यांच्या शरीरातून पार गेल्या, असं तेव्हा मोठ्या कौतुकानं सांगितलं गेलं. इतक्या आखूड लहरी शरीरात फार खोल शिरत नाहीत, हे आज आपल्याला माहीत आहे. काही साहेबांच्या अंगात जिरल्या असतील, काही त्यांना वळसा घालून गेल्या असतील. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की साहेबांना काही होईल का, हा प्रश्न त्या दिवशी कुणी विचारल्याचं सांगितलं जात नाही. सगळ्यांना नवल वाटलं. भीती अजून यायची होती.

ती आली दुसऱ्या दारानं. त्याच १८९५ च्या नोव्हेंबरमध्ये जर्मनीत विल्हेल्म राँटगेन यांना क्ष-किरण सापडले. हाताची हाडं कागदावर दिसू लागली, जग वेडं झालं. एडिसनच्या प्रयोगशाळेत क्लॅरेन्स डॅली नावाचा मदतनीस होता. तो क्ष-किरणांच्या नळ्या स्वतःच्या हातावर तपासायचा. आधी त्याचे हात कापावे लागले आणि १९०४ साली तो गेला. एडिसननं ते काम सोडून दिलं. न दिसणारा किरण माणसाला आतून पोखरतो, हे जगाला अशा रीतीनं कळलं. पुढं रेडियम आलं, हिरोशिमा झालं, चेर्नोबिल झालं. न दिसणाऱ्या प्रत्येक गोष्टीबद्दल माणसाच्या मनात धास्ती बसली, आणि ती उगीच बसली नव्हती.

इथं मला शब्दांबद्दल थोडं बोलायचं आहे, कारण तेवढा माझा अधिकार आहे. मराठीच्या शास्त्रीय परिभाषेत दोन वेगळे शब्द आहेत. ऊर्जा लहरींच्या रूपानं बाहेर पडते, पसरते, ते ‘प्रारण’. त्यात दिव्याचा उजेड आला, चुलीची धग आली, रेडिओच्या लहरी आल्या आणि क्ष-किरणही आले. ‘किरणोत्सर्ग’ हा शब्द मात्र रेडियम-युरेनियमसारख्या मूलद्रव्यांसाठी आहे, ज्यांच्या अणूंची केंद्रकं आपोआप फुटत असतात. इंग्रजीत ‘रेडिएशन’ हा एकच शब्द दोन्हीकडं वापरतात, आणि आपल्या बातम्यांनी त्याचं सरसकट ‘किरणोत्सर्ग’ करून टाकलं. मोबाइलच्या टॉवरमध्ये कुठलाही अणू फुटत नसतो. पण ‘टॉवरचा किरणोत्सर्ग’ म्हटलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढं चेर्नोबिल उभं राहतं. माझ्या अर्जात मी तेच केलं होतं. ‘प्रारण’ लिहिलं असतं तर सह्या कमी झाल्या असत्या.

फरक शब्दाचाच असता तर सोडून दिलं असतं. तो कामाचा फरक आहे. क्ष-किरणाच्या एका कणात इतकी ऊर्जा असते, की तो पेशीतल्या रेणूमधून इलेक्ट्रॉन उडवून लावतो आणि जनुकांचा धागा तोडू शकतो. कॅन्सरची सुरुवात तिथून होऊ शकते. मोबाइलच्या लहरीच्या एका कणात ती ताकद नाही. आपल्या अंगणातल्या उजेडाच्या एका कणात तिच्यापेक्षा काही लाख पटींनी जास्त ऊर्जा असते. म्हणून विज्ञान या दोन जातींना वेगवेगळ्या पंगतीत बसवतं.

पण धागा तुटत नाही म्हणजे काहीच होत नाही, असंही नाही. रेडिओलहरी शरीराला तापवू शकतात. हे फार पूर्वीपासून माहीत आहे. पॅरिसमध्ये दार्सोंवाल या शास्त्रज्ञानं १८९० च्या दशकात अतिजलद फेरे घेणारी वीज माणसाच्या अंगातून सोडली, तेव्हा झटका न बसता नुसती ऊब जाणवली. त्यातूनच पुढं डायथर्मीचा उपचार आला. गुडघा धरला की आपण फिजिओथेरपीवाल्याकडं जाऊन मशीनचा शेक घेतो. शॉर्टवेव्ह डायथर्मी म्हणतात तो शेक रेडिओलहरींचाच असतो. जी लहर घाबरवते, तीच मोजून-मापून घेतली तर दुखणं हलकं करते.

मोजमाप कुणाला हवं झालं, तर लष्कराला. दुसऱ्या महायुद्धात रडार आलं. ताकदवान लहरी सोडणाऱ्या यंत्रांजवळ माणसं तासन्‌तास उभी राहू लागली. १९४५ साली अमेरिकेतल्या रेथिऑन कंपनीत पर्सी स्पेन्सर नावाचा अभियंता अशाच यंत्राजवळ उभा असताना त्याच्या खिशातली चॉकलेटची वडी वितळली. त्या वितळलेल्या चॉकलेटातून आजचा मायक्रोवेव्ह ओव्हन जन्माला आला, ही गोष्ट पुष्कळांना माहीत असेल. पण चॉकलेट वितळतं तिथं माणसाचं काय होईल, हा प्रश्नही त्याच खिशातून बाहेर पडला.

जर्मनीतून अमेरिकेत गेलेले हर्मन श्वॅन या जैवभौतिकतज्ज्ञानं १९५३ साली अमेरिकी नौदलाला एक हिशेब करून दिला. शरीर किती जादा उष्णता बाहेर टाकू शकतं, याचा अंदाज घेऊन त्यांनी मर्यादा सुचवली : एका चौरस सेंटिमीटरवर दहा मिलिवॅट. ढोबळ तुलना करायची तर भर दुपारच्या उन्हाचा साधारण दहावा हिस्सा. १९६६ साली अमेरिकेत हीच मर्यादा मानक म्हणून आली. सोव्हिएत रशियानं १९५८ साली कामगारांसाठी जी मर्यादा घातली होती, ती याच्या हजारपट कडक होती. लहर तीच, माणूसही तोच. पण अमेरिकेचं म्हणणं, शरीर तापल्याचं दाखवा. आणि रशियन डॉक्टरांचं म्हणणं, कामगार डोकेदुखीची, थकव्याची, झोप न लागण्याची तक्रार करतात, तेवढं पुरे.

या वादात एक प्रकरण तर कादंबरीत शोभावं असं आहे. १९५३ पासून १९७० च्या दशकापर्यंत मॉस्कोतल्या अमेरिकन वकिलातीवर समोरच्या बाजूनं मायक्रोवेव्ह लहरी सोडल्या जात होत्या. अमेरिकन सरकारला ते ठाऊक होतं, आत काम करणाऱ्यांना बरीच वर्षं सांगितलं गेलं नव्हतं. १९७६ साली गोष्ट उघड झाली, तेव्हा गहजब उडाला. मग जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे अब्राहम लिलिएनफेल्ड यांनी मॉस्कोत राहिलेल्या कर्मचाऱ्यांची तुलना पूर्व युरोपातल्या इतर अमेरिकन वकिलातींमधल्या कर्मचाऱ्यांशी केली. १९७८ साली अहवाल आला : या लहरींमुळं अपाय झाल्याचा खात्रीलायक पुरावा सापडत नाही. लहरी अमेरिकेच्या मर्यादेहून कित्येक पटींनी क्षीण होत्या. पण लोकांच्या मनात राहिला तो अहवाल नव्हे. आपल्यापासून लपवून ठेवलं, ही गोष्ट राहिली. पुढं मोबाइलच्या बाबतीत जगभर हेच झालं. माणूस लहरीला जितका भितो, त्याहून जास्त तो लपवालपवीला भितो.

फोनबरोबरचा आकडा यानंतरचा. अमेरिकेतल्या संशोधकांनी उंदीर आणि माकडांना एखादं काम शिकवलं, म्हणजे कळ दाबली की खाऊ मिळतो, असं काहीतरी. मग त्यांच्यावर रेडिओलहरी सोडल्या. शरीराच्या दर किलोमागे साधारण चार वॅट ऊर्जा शोषली जाऊ लागली, की प्राण्याच्या अंगाचं तापमान सुमारे एक अंशानं वाढे आणि तो काम टाकून बसे. माणूस स्वस्थ पडलेला असतानाही त्याचं शरीर किलोमागे साधारण एक वॅट उष्णता तयार करत असतं. त्यावरून चार वॅट म्हणजे काय, याची कल्पना येईल. १९८२ पासून हा चार वॅटचा टप्पा पायाभूत धरला गेला. लहरींजवळ काम करणाऱ्यांसाठी त्याचा दहावा भाग आणि पुढं सामान्य जनतेसाठी पन्नासावा भाग, म्हणजे संपूर्ण शरीरासाठी किलोमागे ०.०८ वॅट.

फोन मात्र सगळ्या अंगाला नव्हे, कानाला लागतो. ऊर्जा शरीरात सारखी वाटली जात नाही, म्हणून एका जागी या सरासरीच्या वीसपट चालेल, असं धरलं गेलं. ०.०८ ला वीसनं गुणलं की १.६ येतात. एक ग्रॅम मांसपेशीवर सरासरी काढून किलोमागे १.६ वॅट, हा अमेरिकेनं १९९६ साली फोनसाठी लावलेला नियम. युरोपात १९९८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे दहा ग्रॅमवर सरासरी काढून २ वॅट. या मापाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जोडून जाणकार मंडळी त्याला ‘सार’ म्हणतात. मराठी माणसाला हा शब्द आवडायला हरकत नाही. पण त्यात सगळं सार आहे असं मात्र नाही. १.६ ही कड्याची धार नव्हे, की १.५ वर माणूस वाचला आणि १.७ वर दरीत पडला. पुष्कळ आधी बांधलेला तो कठडा आहे. आणि दुसरं म्हणजे, हा कठडा बांधला उष्णतेच्या हिशेबानं. वीस वर्षं रोज फोन कानाला लावला तर काय, याचं उत्तर उंदराच्या अंगाचं तापमान देऊ शकत नाही. त्यासाठी माणसांकडंच बघावं लागतं, आणि वर्षानुवर्षं बघावं लागतं.

माणसं तर भराभर तयार झाली. १९७३ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यावर मोटोरोला कंपनीच्या मार्टिन कूपर यांनी हातातल्या फोनवरून पहिला कॉल लावला. त्या फोनचं वजन किलोच्या वर होतं. दहा वर्षांनी असा फोन विक्रीला आला तेव्हा किंमत होती जवळपास चार हजार डॉलर. १९९३ च्या जानेवारीत अमेरिकन दूरचित्रवाणीवर एका गृहस्थानं सांगितलं, की त्याच्या पत्नीच्या मेंदूत गाठ झाली ती फोनमुळं, गाठ फोन धरायच्या बाजूलाच होती. फोन कंपन्यांचे शेअर घसरले. त्याचा दावा १९९५ साली पुराव्याअभावी फेटाळला गेला. प्रश्न मात्र घराघरांत पोचला.

भारतात पहिला मोबाइल कॉल झाला ३१ जुलै १९९५ रोजी, मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दिल्लीत केंद्रीय मंत्री सुखराम यांना केलेला. तो कोलकात्याहूनच. जगदीशचंद्रांच्या टाउन हॉलमधल्या प्रयोगाला शंभर वर्षं झाली होती. सुरुवातीला येणाऱ्या कॉललाही पैसे पडत, म्हणून लोक नंबर बघून फोन कापत. २००३ च्या मे महिन्यात येणारा कॉल फुकट झाला आणि भाजीवाल्याच्या गाडीवरही फोन वाजू लागला. टॉवर गच्च्या शोधत फिरू लागले.

आता माणसांच्या अभ्यासांकडं येऊ. डेन्मार्कमध्ये चार लाखांहून अधिक मोबाइलधारकांची नोंद कॅन्सरच्या राष्ट्रीय नोंदींशी ताडून पाहिली. २००१, २००६ आणि २०११ असे तीनदा निष्कर्ष आले, मेंदूच्या गाठी वाढलेल्या दिसल्या नाहीत. तेरा देशांनी मिळून ‘इंटरफोन’ नावाचा अभ्यास केला, तो २०१० साली प्रसिद्ध झाला. एकूण धोका वाढलेला दिसला नाही. पण सर्वांत जास्त बोलणाऱ्या दहा टक्क्यांत ग्लायोमा या गाठीचं प्रमाण सुमारे चाळीस टक्के जास्त निघालं. अडचण अशी, की हे सगळं लोकांच्या आठवणीवर उभं होतं. दहा वर्षांपूर्वी रोज किती वेळ बोलत होता, हे तुम्हाला आठवतं का? आणि डोक्यात गाठ निघालेला माणूस कारण शोधत असतो. त्याला जास्तच आठवतं. काहींनी रोज पाच-पाच तासांहून जास्त बोलत होतो असं सांगितलं, जे संशोधकांनाच पटेना.

या पार्श्वभूमीवर मे २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं फ्रान्समधल्या ल्योंला बैठक घेऊन रेडिओलहरींना ‘२-बी’ गटात घातलं. अर्थ : कॅन्सरकारक असण्याची शक्यता, पुरावा मर्यादित. याच गटात कोरफडीच्या संपूर्ण पानाचा अर्क आहे, आशियाई पद्धतीनं खारवलेल्या भाज्याही आहेत. बातम्यांत ‘मर्यादित’ गळून पडलं आणि ‘कॅन्सरकारक’ तेवढं राहिलं.

पुढची वर्षंही प्रामाणिकपणे सांगायला हवीत. २०१८ साली अमेरिकेच्या सरकारी प्रयोगात उंदरांना रोज नऊ तास, दोन वर्षांपर्यंत, सगळ्या अंगावर जोरदार लहरी दिल्या. नर उंदरांत हृदयातल्या एका दुर्मीळ गाठीचा स्पष्ट पुरावा दिसला. मात्र तेच उंदीर लहरी न दिलेल्या उंदरांपेक्षा जास्त जगले, हेही त्याच अहवालात आहे. २०२४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यावरून माणसांवरच्या ६३ अभ्यासांचा आढावा घेतला गेला. दहा वर्षांहून जास्त काळ फोन वापरणाऱ्यांतही मेंदूच्या कॅन्सरशी संबंध आढळला नाही. २०२५ साली प्राण्यांवरच्या प्रयोगांचा आढावा आला, त्यानं नर उंदरांतल्या गाठींचा पुरावा भक्कम ठरवला. म्हणजे माणसांकडून आलेलं उत्तर दिलासा देणारं आहे आणि प्रयोगशाळेतला उंदीर अजून पुरता गप्प बसलेला नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात ठेवता येतात. घाबरण्याचं कारण नाही, आणि मोजणं थांबवण्याचंही कारण नाही.

आपल्या सरकारनं २००८ साली आंतरराष्ट्रीय मर्यादा स्वीकारली. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक गिरीश कुमार यांनी २०१० साली दूरसंचार विभागाला अहवाल देऊन ती फार सैल असल्याचं सांगितलं. त्याच वर्षी आंतरमंत्रालयीन समिती बसली. १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली आणि फोनसाठी १.६ हा आकडा लागू केला. त्याच नोव्हेंबरमध्ये राजस्थान उच्च न्यायालयानं शाळा आणि इस्पितळांजवळचे टॉवर हलवायला सांगितलं. २०१७ साली ग्वाल्हेरच्या एका घरकामगारानं आपल्या कॅन्सरचं कारण टॉवर आहे म्हणून दाद मागितली आणि सर्वोच्च न्यायालयानं तो टॉवर बंद करायचा आदेश दिला. त्याच साली ‘तरंग संचार’ हे सरकारी संकेतस्थळ सुरू झालं, जिथं टॉवर नियमात आहे का, हे बघता येऊ लागलं आणि चार हजार रुपये भरून मोजणीही मागता येऊ लागली. माझ्या मते न्यायालयाच्या निकालापेक्षा ही सोय मोठी होती. निकालानं एक टॉवर गेला. मोजणीनं माणसाच्या हातात आकडा आला.

आमच्या इमारतीत आम्ही मोजणी मागितली नाही. टॉवरच हलवला. आणि त्यानंतर काय झालं ते ऐका. जिन्यात, स्वयंपाकघरात फोनला रेंज येईना. लोक गॅलरीच्या कठड्याला टेकून “हॅलो, हॅलो” ओरडू लागले. मला नंतर कळलं, की आमच्याबरोबर फोनही ओरडत होता. टॉवर जवळ असला की फोन हळू बोलतो, दूर असला की आपली ताकद वाढवतो, आणि हे तो आपल्या कानाशी करतो. अंतर दुपटीनं वाढलं की लहरींचा जोर साधारण चौपटीनं कमी होतो, म्हणून वीस-पंचवीस मीटरवरच्या टॉवरपेक्षा कानाला चिकटलेल्या फोनकडून डोक्याला बहुधा जास्त ऊर्जा मिळते. शिवाय गच्चीवरचा अँटेना आपला मुख्य झोत लांब, आडवा फेकतो. थेट खालच्या मजल्यांवर त्यातलं थोडंच येतं. दिव्याखाली अंधार म्हणतात, तसं. आम्ही ज्या लहरींना भिऊन टॉवर हाकलला, त्या लहरी आम्ही स्वतःच कानाजवळ आणून ठेवल्या.

फोन तपासणंही नुसतं कागदावर नसतं. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये फ्रान्सच्या सरकारी संस्थेनं बाजारातला आयफोन बारा उचलून मोजला. हातात किंवा खिशात धरण्याच्या चाचणीत चारची मर्यादा असताना ५.७४ निघाले. विक्री थांबवली गेली आणि कंपनीला सॉफ्टवेअर बदलून द्यावं लागलं. कठडा कुणीतरी हलवून बघत असेल तरच तो कठडा.

मग आपण काय करायचं? लांबलचक बोलायचं तर स्पीकर लावा किंवा वायरचा इअरफोन घ्या. फोन कानापासून थोडा दूर गेला तरी पुष्कळ फरक पडतो. रेंजची एकच काडी दिसत असेल तेव्हा, लिफ्टमध्ये, बोलणं आटोपतं घ्या. लहान मुलांनी विनाकारण फोन कानाला लावून बसू नये, असं ब्रिटनच्या स्टुअर्ट समितीनं २००० सालीच सुचवलं होतं. सुचवण्याचं कारण सावधगिरीचं, अपाय सिद्ध झाल्याचं नव्हे. अनेक फोनवर स्टार, हॅश, शून्य, सात, हॅश दाबलं की ‘सार’चा आकडा दिसतो, तो एकदा बघून ठेवा. आणि मोटरसायकलवर मान वाकडी करून खांदा आणि कान यांच्यामध्ये फोन धरू नका. त्यानं माणूस मरतो याला कुठल्याही उंदराच्या साक्षीची गरज नाही.

आता आपांकडं येतो. कुणा एका माणसाला कॅन्सर कशामुळं झाला, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. पण त्याच ल्योंच्या संस्थेच्या यादीत तंबाखू पहिल्या गटात आहे, चघळायची, तोंडात धरायचीसुद्धा. तिथं ‘शक्यता’ हा शब्द नाही, खात्री आहे. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. आपा चाळीस वर्षं दिवसातून तीनदा मिश्री लावायच्या, त्यांची आई लावायची, आमच्या मोहल्ल्यातल्या निम्म्या बायका लावायच्या. महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली ती २०१२ च्या जुलैमध्ये, म्हणजे आमच्या टॉवरच्या बैठकीच्याच वर्षी. अर्जावर सही करताना कितीतरी जणांच्या गालात तोबरा होता. लिहिणाऱ्याच्या, म्हणजे माझ्या, खिशातही तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी होती. गच्चीवरचा टॉवर सगळ्यांना दिसला. उशाशी ठेवलेली डबी मला दिसली होती, पण मी तिच्याबद्दल बोललो नाही. टॉवरवर बोट ठेवणं सोपं होतं. तो कुणाच्या घरातला नव्हता.

दोन वर्षांनी मी तंबाखू सोडली. आपांच्या धाकट्या मुलीला एक दिवस धीर करून सगळं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “मामू, तेव्हाच सांगायचं होतं.”

तिचं बरोबर होतं. तेव्हा मी खरं सांगितलं असतं तर आपा वाचल्या असत्या असं नाही. पण त्या जिन्यात अजून सोळा घरं होती.